ऑथेल्लो : संशयाचे विष आणि रंगाचा भेद



नाशिक रोडच्या फलाटावर घटकाभर उभे राहा, किती बोली कानी पडतात पाहा. रेल्वे, नोटांचा छापखाना, शेजारची देवळालीची छावणी यांच्यामुळे मुलखामुलखाची माणसे येथे एकमेकांचे शेजारी झाली. उसनीपासनी होते, सणाला ताट जाते. पण सोयरिकीचा विषय निघाला की आवाज खाली येतो आणि कोणीतरी विचारतेच, “आपल्यातलाच ना?” शेजार चालतो, सोयरीक का चालत नाही? या प्रश्नाभोवती शेक्सपिअरने एक नाटक रचले. १६०४ साली ते इंग्लंडच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. त्याचे नाव ‘ऑथेल्लो’.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा, परमुलखातून आलेला सेनापती. व्हेनिसचे राज्य त्याच्या तलवारीवर विसंबून आहे. तेथील एक बडे गृहस्थ त्याला आवडीने घरी बोलावतात, त्याच्या लढायांच्या हकिकती ऐकतात. त्या ऐकता ऐकता त्यांची मुलगी डेस्डिमोना त्याच्यावर जीव लावते आणि दोघे गुपचूप लग्न करतात. झाले! काल ज्याला मानाने पाटावर बसविले, तोच आज बापाला चेटक्या वाटू लागतो. माझ्या मुलीवर यानेच जादू केली, अशी फिर्याद राजसभेत जाते. मुलगी मात्र भर सभेत सांगते की, मी आपखुशीने याला वरले. तिकडे तुर्कांची स्वारी येते आहे, सेनापती तर हवाच. सभा लग्न मान्य करते.

आता सुडाकडे वळू. ऑथेल्लोच्या हाताखाली इयागो नावाचा निशाणबरदार आहे. वरची जागा आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती, ती मिळाली कॅशिओ नावाच्या तरुणाला. छावणीजवळ राहणाऱ्यांना बढती हुकल्याचे दुःख समजावून सांगायला नको. पण इयागो रुसून बसत नाही. गोड बोलून काटा काढायचे ठरवतो. डेस्डिमोनाचा हरवलेला रुमाल त्याच्या हाती लागतो. तो तो कॅशिओच्या खोलीत टाकतो आणि ऑथेल्लोच्या मनात पत्नीविषयी संशय पेरतो.

येथे थोडे थांबू या, कारण नाटकाचे मर्म येथेच आहे. एवढा रणधीर पुरुष एका रुमालाला कसा फसला? इयागोने जखम कोठे आहे ते बरोबर हेरले होते. तो सुचवतो की, आपल्या मुलखाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलाची स्थळे सोडून जी परक्याकडे गेली, तिचे मन सरळ कसे असेल? बापाला फसवले ती नवऱ्याला फसवणार नाही कशावरून? म्हणजे जे बाहेरचे जग बोलत होते, तेच आता ऑथेल्लो स्वतःशी बोलू लागतो. मी काळा, मी परका, माझ्यावर कोण खरे प्रेम करणार? सूड इयागोचा खरा. पण त्या सुडाला हत्यार दिले ते समाजाने.

अखेर ऑथेल्लो निरपराध पत्नीचा गळा दाबतो. इयागोचीच बायको सत्य उघड करते आणि त्यापायी जीव गमावते. सत्य कळल्यावर ऑथेल्लो स्वतःलाही संपवतो.

हे नाटक पुढे दूरचित्रवाणीवरही आले. १९५५ साली बी. बी. सी.ने ते दाखवले, तेव्हा ऑथेल्लोचे काम गॉर्डन हीथ या कृष्णवर्णी अमेरिकन नटाने केले. आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली १९५९ साली आणि मुंबई केंद्र १९७२ साली, यावरून काळाची कल्पना येईल. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, या नटाच्या देशातील कित्येक राज्यांत काळ्या-गोऱ्यांचे लग्न हा तेव्हा गुन्हा होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे १९६७ साली रद्द ठरवले. दक्षिण आफ्रिकेत १९४९ साली झालेला तसाच कायदा १९८५ साली उठला. त्यानंतर दोनच वर्षांनी जोहान्सबर्गला जॉन कानी या कृष्णवर्णी नटाने ऑथेल्लो उभा केला. वर्णभेदाचे राज्य अजून चालू होते. त्या प्रयोगाचेही दूरचित्रवाणीसाठी चित्रण झाले.

मराठीला हे नाटक परके नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचे भाषांतर केले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याला ‘झुंझारराव’ हे देशी रूप दिले. डेस्डिमोनाची कमळजा झाली. याच देवलांनी पुढे ‘संशयकल्लोळ’ लिहून संशयावर लोकांना पोट धरून हसवले. एकाच विकाराची ही दोन टोके! आणि आपल्या नाशिकचे वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, यांनीही १९६१ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला.

कोणी म्हणेल, काळ्या-गोऱ्यांचे भांडण तिकडचे, आपल्याला काय त्याचे? बंधूंनो, भगिनींनो, रंगाच्या जागी जात घालून पाहा. जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करण्याची वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने मोकळी केली. कागदावर वाट मोकळी आहे. पण प्रतिष्ठेपायी पोटच्या मुलीच्या जिवावर उठल्याच्या बातम्या आजही आपण वाचतो. आणि लग्न पार पडले तरी गावातला इयागो असतोच. पारावर बसून तो हळूच म्हणतो, “टिकायचं नाही हो हे.” तो हात उगारत नाही, नुसते बोलतो. बाकीचे काम ऐकणारे करतात.

शिक्षकांना एक विनंती. वरच्या वर्गाला ही गोष्ट सांगाल, तेव्हा रुमाल हरवला तेथे थांबा आणि मुलांना विचारा, आता ऑथेल्लोने काय करायला हवे होते? रुमाल कोठे आहे, असे तो विचारतो. ती भीतीपोटी खरे सांगत नाही. पण संशय कोणाविषयी आहे, हे तो तिला अखेरच्या रात्रीपर्यंत सांगत नाही. कॅशिओला बोलावून समोरासमोर विचारत नाही. एक सरळ प्रश्न वेळेवर विचारला असता, तर तीन जीव वाचले असते. मुले हे आपणहून सांगतील. ती सांगेपर्यंत थोडे थांबा मात्र.