हाताने पाहणे : संग्रहालयातील कार्यशाळा आणि बीडची मुले

शाळेची सहल संग्रहालयात शिरली की काय होते, हे बहुतेकांनी पाहिलेले आहे. दोन रांगा, पुढे गुरुजी, मागे बाई, कशाला हात लावायचा नाही अशी ताकीद, आणि अर्ध्या तासात सगळी दालने पार. पुढच्या मुक्कामी जेवण ठरलेले असते, म्हणून घाई. बाहेर आल्यावर मुलांना विचारावे तर तलवारी आठवतात आणि एखादी तोफ. बाकीचे सारे काचेमागेच राहते.

त्याच मुलांना त्याच दालनात दीड तास थांबवायचे आणि तरी त्यांना कंटाळा येऊ द्यायचा नाही, असा एक मार्ग जगभरच्या संग्रहालयांनी आणि कलादालनांनी शोधला आहे. त्याला आपण कार्यशाळा म्हणतो. वस्तू पाहायची आणि तिथेच स्वतःच्या हातांनी तसे काही करून पाहायचे. मी कलाशिक्षक नाही, पुरातत्त्वाची पदवीही माझ्याकडे नाही. मराठवाड्यातली देवळे, गढ्या आणि लहान संग्रहालये हिंडत टिपणे काढणे आणि मिळेल ते वाचणे, एवढाच माझा अभ्यास. त्या हिंडण्यातून या पद्धतीकडे लक्ष गेले. ती कशी चालते, तिने काय साधते आणि बीड जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत ती का पोहोचत नाही, हे इथे मांडायचे आहे.

कल्पनेचा प्रवास

खास मुलांसाठी काढलेले पहिले संग्रहालय १८९९ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाले. त्याच सुमारास व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक हे चित्रशिक्षक मुलांना नमुन्याबरहुकूम नक्कल करायला न लावता स्वतःच्या मनाने काम करू देत होते. पुढे न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्हिक्टर डी'अमिको यांनी १९३७ पासून तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षण विभाग सांभाळला. मुलांसाठी त्यांनी ‘चिल्ड्रन्स आर्ट कार्निव्हल’ नावाचे दालन उभे केले. मुलांनी आधी हाताळायच्या, हलवायच्या वस्तूंशी खेळायचे आणि मग कामाच्या टेबलाशी बसायचे, अशी त्याची मांडणी. पालकांना आत प्रवेश नसे. या दालनाचा एक संच १९६३ साली भारतालाही भेट मिळाला आणि दिल्लीच्या मुलांनी तो वापरला.

महाराष्ट्रात चित्रकला शाळांत आली ती वेगळ्या वाटेने. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले. वर्षामागून वर्षे हिवाळ्यात लेण्यांत राहून त्या मुलांनी भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. नकलेला आज आपण नाक मुरडतो, पण मूळ चित्रासमोर आठवडेच्या आठवडे बसून केलेली ती नक्कल म्हणजे डोळ्यांची कसून तालीमच होती.

त्यानंतरच्या काळात शाळेतल्या चित्रकलेचा मोठा भाग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांभोवती फिरू लागला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन या विषयांनी खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांच्या हाताला वळण लावले, याबद्दल शंका नाही. पण वस्तुचित्रासाठी टेबलावर मांडलेला तांब्या आणि तालुक्यापलीकडच्या संग्रहालयातली दोन हजार वर्षांपूर्वीची बाहुली यांची गाठ त्यात पडत नाही. सराव शाळेत होतो, मूळ वस्तू संग्रहालयात असते, आणि दोन्हीकडे मुले वेगवेगळ्या दिवशी जातात.

मुंबईत हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. जीर्णोद्धारानंतर ते २००८ साली पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून तिथे मुलांच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. नाना जातीजमातींच्या, व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिमा हे तिथले वैशिष्ट्य, त्यामुळे मातीकामाचा विषय समोरच मांडलेला असतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली खुले झाले. त्याच्या आवारात २०१९ साली मुलांचे स्वतंत्र संग्रहालय निघाले. त्याआधी २०१५ मध्ये याच संस्थेने ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. बसमध्ये लहान प्रदर्शन मांडायचे, प्रतिकृती आणि हाताळायच्या वस्तू सोबत घ्यायच्या आणि शाळेच्या दारात जायचे, अशी ती योजना.

दीड तासात काय घडावे

चांगल्या कार्यशाळेच्या चार पायऱ्या मला दिसतात.

पहिली, निवड. सगळे संग्रहालय दाखवायचे नाही. एक दालन, त्यातल्या दोन-तीन वस्तू, बस्स.

दुसरी, प्रश्न. वस्तूचे नाव आणि शतक आधी सांगायचे नाही. ही कशाची आहे? हाताने केली की साच्यातून काढली? कुठे झिजली? आतून भरीव असेल की पोकळ? मुलांना उत्तरे चुकू द्यायची. शिक्षकांना हे जड जाते, कारण आपल्याला उत्तर सांगून मोकळे व्हायची सवय आहे.

तिसरी, काम. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. मुलांनी त्या वस्तूसारखी दिसणारी वस्तू करायची नसते, ती ज्या कृतीने बनली ती कृती करायची असते. पुठ्ठ्यावर मूर्तीचे चित्र रंगवून घेणे ही करमणूक झाली. माती, साचा, खळ, बोरू यांतून काही निघते का, ते पाहणे म्हणजे कार्यशाळा.

चौथी, पुन्हा मूळ वस्तूकडे जाणे. बहुतेक ठिकाणी ही पायरी गळते, कारण वेळ संपलेली असते आणि हात मातीने भरलेले असतात. माझ्या मते कार्यशाळेचा सगळा जीव या पायरीत आहे. स्वतः अडखळून आलेले मूल त्याच काचेसमोर उभे राहते, तेव्हा ते कारागिराच्या बाजूने पाहू लागते.

तेरची बाहुली आणि मोदकाचा साचा

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर केजहून किंवा अंबाजोगाईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. हे प्राचीन तगर. रोमन काळात पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणारे हे गाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही आले आहे. संत गोरा कुंभारांचे गावही हेच. इथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे आहे.

त्यात सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत. केसांची ठेवण, कानांतली भूषणे सारे बारकाईने उमटलेले. या बाहुल्या जोडसाच्यात घडवलेल्या. पुढच्या बाजूचा एक साचा, मागच्या बाजूचा दुसरा. दोन्हींत माती पातळ दाबायची, कडांना ओली रबडी लावायची, साचे एकमेकांवर बसवायचे, जरा सुकल्यावर काढायचे आणि बाजूला राहिलेली जोडाची रेघ सुरीने तासायची. बाहुली आतून पोकळ राहते, म्हणून माती कमी लागते आणि भाजताना तडकण्याचा धोकाही घटतो. शिवाय एका साच्यातून अनेक बाहुल्या निघतात. म्हणजे हा नुसता कलेचा नव्हे, बाजाराचाही पुरावा आहे.

हे सगळे फलकावर लिहून मुलांना कळत नाही. पण जोडसाचा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे: मोदकाचा साचा. एका शाळेतल्या सातवीच्या मुलांबरोबर मी तोच वापरून पाहिला. तळ्याचा गाळ चाळून, भिजवून, तुडवून घेतला आणि मोदकाच्या साच्यात दाबला. पहिल्या खेपेला बहुतेकांनी माती गच्च भरली. ते भरीव मोदक सुकताना भेगाळले. दुसऱ्या खेपेला पातळ थर दाबला, तर जोड सुटला. रबडी लावायची हे एका मुलीने स्वतःच शोधले. तिच्या आजीला चुलीच्या भेगा लिंपताना तिने पाहिले होते. गावातल्या कुंभारकाकांनी मग सांगितले की काळी माती एकटी वापरू नये, सुकताना ती फार आकसते. तिच्यात राख आणि लीद मिसळावी लागते. त्यानंतर तेरच्या बाहुल्यांची मोठी छायाचित्रे समोर ठेवली. मुलांनी आधी केसांचे बुचडे पाहिले नाहीत. कानामागे जोड कुठे दिसतो, ते शोधायला लागली. कारागिराचा प्रश्न त्यांचा झाला होता.

अंबाजोगाईत दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, आकृत्याही काढल्या. ती मुलांना दाखवताना आपण लांबी सांगून थांबतो. त्याआधी हातभर मांजरपाट आणि बोरू द्यावा. कोऱ्या कापडावर शाई फुटते, अक्षर पसरते. खळ लावून, सुकवून, शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटल्यावर तेच कापड अक्षर धरून ठेवते. दहा ओळी लिहून मान मोडलेल्या मुलाला चाळीस फूट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

अडचण कॅलेंडरची

मग हे होत का नाही? पहिले कारण माणसांचे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तरच शाळेला कलेसाठी अर्धवेळ निदेशक मिळण्याची तरतूद आहे. वाडीवस्तीवरच्या शाळा तिथेच बाद होतात.

दुसरे कारण क्वचितच बोलले जाते. सहलींचा हंगाम दिवाळीनंतरचा, डिसेंबर-जानेवारीचा. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगामही तोच. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात, बरीच आईबापांबरोबर फडावर जातात. म्हणजे सहलीची बस निघते तेव्हा वर्गातली जी मुले गैरहजर असतात, ती वर्षानुवर्षे तीच असतात. कोयत्यावर जाणाऱ्या घरातले मूल दहावीपर्यंत एकदाही मूळ कलावस्तूसमोर उभे राहिले नाही, असे होऊ शकते. आणि ही मुले ऊस बांधणाऱ्या, मोळी वाहणाऱ्या, जनावरे राखणाऱ्या हातांची आहेत. हाताने शिकण्यात ती कुणाच्या मागे पडणार नाहीत.

काय करता येईल

सहल सगळी बदलायची गरज नाही. एक दिवस पुढे आणावा. जून ते सप्टेंबर या काळात सगळी मुले गावात असतात. श्रावण सरताना पोळा येतो, तेव्हा घरोघर मातीचे बैल होतात; मातीकामाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. पोळ्याच्या आठवड्यात शाळेत माती, आणि पाऊस उघडला की टोळ्या निघण्याआधी तेरची फेरी, असे वेळापत्रक बसते. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. त्यातला एक दिवस कुंभाराला आणि एक संग्रहालयाला द्यावा. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देतेच. फिरत्या संग्रहालयाची बस मागवायची असेल, तर पत्रात हेच महिने कारणासह लिहावेत.

खर्च पाहिला तर डझनभर मोदकाचे साचे, चाळणी, दोन पाट्या गाळ आणि कुंभारकाकांचा दिवसाचा रोज. कलाशिक्षक नसला तरी भाषेचे किंवा इतिहासाचे शिक्षक हे करू शकतात. फक्त चौथी पायरी गाळू नये: माती हाताला लागलेली असतानाच मुलांना मूळ वस्तूकडे न्यावे, आणि तेर गाठणे जमले नाही तर निदान मोठ्या छायाचित्राकडे.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बऱ्याच टोळ्या निघून गेलेल्या असतील. त्यामुळे यंदाच्या सहलीबद्दल मी काही म्हणत नाही. शाळेचे पुढचे वार्षिक नियोजन उन्हाळ्यात होईल; त्या बैठकीत मुख्याध्यापकांसमोर, शाळा व्यवस्थापन समितीसमोर एवढा एकच विषय मांडावा, की संग्रहालयाचा दिवस ऑक्टोबरच्या आधी धरा. कारण तोवर हजेरीपटावरचे प्रत्येक नाव वर्गात असते.