शेळ्या घेतल्या फलटणला, आणायच्या दिघंचीला: फोनवरून गाडी ठरवताना काय बघायचं?

शेळी बघणं आणि पसंत करणं आता फोनवर होतं. गोट फार्मवाल्याचं स्टेटस बघितलं, व्हिडिओ कॉल केला, दर ठरला, यूपीआयने अ‍ॅडव्हान्स पाठवला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. विकणारा म्हणतो, "माझ्या गेटच्या बाहेर गेली की तुमची जबाबदारी." गाडीवाला म्हणतो, "मी फक्त भाडं मारतो." मग मधल्या तीन-चार तासांत एखादी शेळी दगावली, तर पैसे कुणाचे गेले? काहीच ठरलेलं नसेल तर तुमचेच.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. फलटणला १९६८ मध्ये सुरू झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', शेळ्या-मेंढ्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. दहिवडी आणि कवठेमहांकाळ तालुक्यातलं रांजणी इथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार तर सगळ्यांना माहीत आहे. खासगी गोट फार्म वेगळेच. त्यामुळे इकडची शेळी तिकडे नेणारे पिकअप आणि छोटे हत्ती रस्त्यावर सतत दिसतात.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा तुम्ही दिघंचीचे आहात आणि फलटणजवळच्या एका ब्रीडरकडून १० शेळ्या आणि १ बोकड घेतलाय.

आधी खात्री, मग गाडी

शेळ्या खरंच आहेत का, हे आधी बघा. हसू नका. ऑनलाइन जनावर विक्रीत जी फसवणूक होते, ती बहुतेक वेळा वाहतुकीच्या नावाखाली होते. दर जरा कमी सांगतात, फोटो भारी असतात, आणि "गाडी आमचीच आहे, घरपोच देतो" म्हणतात. मग आधी भाडं मागतात, नंतर परमिटचे पैसे, नंतर विम्याचे. शेवटी "गाडी घाटात बंद पडली, डिझेलला दोन हजार टाका." शेळ्या कधीच निघालेल्या नसतात.

यावर उपाय साधे आहेत. आजच काढलेला व्हिडिओ मागा आणि त्यात प्रत्येक शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचून दाखवायला सांगा. हा १२ अंकी नंबर म्हणजे जनावराचं आधार कार्डच. तो तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला की 'भारत पशुधन' प्रणालीवर त्याची नोंद बघता येते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला आणि ऑनलाइन नोंद नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई आहे. त्यामुळे "बिल्ला नंतर मारू" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

गाडीचा नंबर मिळाला की एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. गाडीचा प्रकार, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं दिसतं. पिकअप म्हणून दिलेला नंबर तिथे मोटरसायकल निघाला, तर विषय तिथेच संपला. आणि एक कायम लक्षात ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. कुणी "रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणालं आणि पुढे पिन टाकायची वेळ आली, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

किती शेळ्या, किती जागा

गाडीवाल्याला विचारलं, "किती बसतील?" तर उत्तर ठरलेलं: "बसतील की ओ, पंधरा-वीस आरामात." त्याचं आराम आणि शेळीचं आराम यात फरक आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जनावरं नेणाऱ्या गाडीत प्रत्येक शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट. आता हिशेब करा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट बाय पावणेपाच फूट, म्हणजे ३३ चौरस फूट. त्यात १० शेळ्या बसतात, अकरावा बोकड बसत नाही. शिवाय बोकडाला वेगळा कप्पा हवाच. तो शेळ्यांत सोडला तर रस्ताभर त्यांच्या मागे लागेल आणि चेंगराचेंगरी होईल. पिकअपचा हौदा ९ बाय साडेपाच धरला तर जवळपास ५० चौरस फूट होतात, म्हणजे १५ शेळ्यांची जागा. आपल्या उदाहरणात पिकअपच लागणार. गाडीगणिक माप बदलतं, म्हणून ड्रायव्हरला हौद्यात टेप धरून फोटो टाकायला सांगा. फोनमधल्या मोजमापाच्या अ‍ॅपपेक्षा सुताराची टेप बरी.

गाडी अगदी मोकळी असणंही चांगलं नाही. ब्रेक मारला की शेळ्या घसरून एकमेकींवर पडतात. जागा उरली तर मधे फळी किंवा बांबू आडवा बांधून घ्या. पण उरलेल्या जागेत पेंडीची पोती किंवा सिमेंट टाकू देऊ नका. जनावरांसोबत दुसरा माल न्यायला याच नियमांत मनाई आहे, आणि पोतं शेळीच्या पायावर पडलं तर पाय मोडतो. खाली निदान दोन इंच पाचट किंवा भाताचा पेंढा हवा. आपल्याकडे पाचटाला काय तोटा!

एक अवांतर गोष्ट. बोअर ही जात 'नारी'ने १९९०च्या दशकात परदेशातून आणली, ती गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात. म्हणजे त्या शेळ्या डब्यातून आल्या, गाडीतून नाही! तुम्हाला फक्त जात सुधारायची असेल तर बोकड आणण्याऐवजी गोठवलेल्या रेतमात्रा मिळतात का, आणि शेळीत कृत्रिम रेतन करणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी विचारून बघा. बोकडाच्या गाडीभाड्यापेक्षा ते स्वस्त पडू शकतं.

रिटर्न गाडी: स्वस्त, पण

इकडे गाडी बहुतेक ओळखीतूनच मिळते. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, पिकअप स्टँड, नाहीतर ब्रीडरने दिलेला नंबर. यात रिटर्न भाडं सगळ्यात स्वस्त पडतं. माल टाकून मोकळी परतणारी गाडी निम्म्या पैशातही यायला तयार होते.

पण ती गाडी आधी काय घेऊन गेली होती ते विचारा. बाजारातल्या शेळ्या उतरवून तशीच आली असेल, तर त्या बाजारातला रोगही हौद्यात असू शकतो. पीपीआर, म्हणजे ज्याला शेळ्यांची मरी म्हणतात, तो रोग आजारी जनावराच्या शिंका, लाळ, हगवण यांतून पसरतो. ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी येतं, तोंडात फोड येतात, हगवण लागते, आणि कळपच्या कळप बसतो. म्हणून गाडी धुऊन, जंतुनाशक फवारून, वाळवून आणायची, ही अट भाडं ठरवतानाच घाला. धुतलेल्या हौद्याचा फोटो मागवा. त्यासाठी दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

पीपीआरची लस कधी दिली, तेही ब्रीडरला विचारा. कालच लस टोचून आज गाडीत घालणं उपयोगाचं नाही. लस लागू व्हायला दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. शेवटच्या महिन्यातली गाभण शेळी तर आणूच नका, व्याल्यावर आणा.

एका मेसेजमध्ये सगळं

फोनवर बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं. ब्रीडर, ड्रायव्हर आणि तुम्ही अशा तिघांचा ग्रुप करा आणि त्यात असं काहीतरी टाका:

"दादा, रविवारी पहाटे ४ ला फलटणहून निघायचं. १० शेळ्या, १ बोकड, मधे फळी. गाडी धुतलेली, खाली पाचट. दुसरा माल नाही. भाडं ठरलं तेवढंच, टोल-डिझेल त्यातच. अर्धे पैसे गाडी भरल्यावर, अर्धे शेळ्या उतरवल्यावर. गाडीत चढवताना शेळी धडधाकट आहे हे ब्रीडर साहेबांनी व्हिडिओत दाखवायचं. वाटेत गाडीच्या चुकीने शेळी दगावली तर भाड्यातून किती वळते करायचे, ते आत्ताच सांगा."

शेवटच्या ओळीवर घासाघीस होणारच. होऊ द्या. शेळी मेल्यावर भांडण्यापेक्षा आधी झालेली घासाघीस परवडली. तिघांनीही "ओके" टाकल्याशिवाय भाड्याचा एक रुपया पाठवू नका.

कागद कोणते?

१९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार सहा तासांपेक्षा लांबच्या प्रवासाला शेळ्या-मेंढ्यांसाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. फलटण ते दिघंची तेवढं लांब नाही. तरीही दाखला घ्या, कारण रस्त्यात कुणी अडवलं तर तोच पहिला कागद मागतात. सोबत खरेदीची पावती ठेवा. बाजारातून घेतली असेल तर बाजार समितीची पावती, फार्मवरून घेतली असेल तर बिल्ला नंबर लिहिलेलं बिल. जिवंत शेळ्यांवर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलाच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

गोवंश हत्याबंदीचा कायदा शेळी-मेंढीला लागू नाही. पण जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा लागू आहे. कोंबून भरलेली गाडी पकडली तर तुम्ही "मी फक्त मालक" म्हणून सुटाल, असं समजू नका. सगळ्या कागदांचे फोटो ग्रुपमध्ये टाका, पण मूळ कागद गाडीतच असू द्या. नेटवर्क नसलं की फोनमधले फोटो उघडत नाहीत.

निघाल्यावर

फलटणहून मोगराळे घाट चढून दहिवडी, मग गोंदवले, म्हसवड आणि दिघंची. गूगल मॅप्स जो वेळ दाखवतं तो मोकळ्या कारचा असतो. भरलेल्या पिकअपला त्याच्या दीडपट धरा. ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांसाठी चालू करायला सांगा. एक तासाचा पर्याय निवडला की नेमका अर्ध्या वाटेत बंद पडतो. घाटात टिंब थांबलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका, रेंज गेलेली असेल. दर तासाभराने गाडी थांबवून शेळ्या उभ्या आहेत का ते बघायचं आणि हौद्याचा एक फोटो टाकायचा. एखादी बसली आणि बाकीच्या तिच्यावर उभ्या राहिल्या, तर ती गुदमरते. जास्त मरतूक अशीच होते, अपघाताने नाही.

पहाटे निघायचं कारण ऊन. माण-आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याचा हौदा तव्यासारखा तापतो. वर ताडपत्री टाका, पण बाजू उघड्या ठेवा. निघण्याआधी पाणी आणि थोडा कडबा द्या, पोटभर पेंड नको. ब्रीडरकडून त्याच्याच खुराकाचं एक पोतं मागून घ्या आणि आठवडाभरात हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा.

चढवताना आणि उतरवताना गाडी एखाद्या बांधाला किंवा ओट्याला लावा. पायाला धरून शेळी फेकणारा हमाल दिसला, तर त्याला तिथेच थांबवा. उतरवताना पुन्हा व्हिडिओ काढा, बिल्ले मोजा, आणि मगच उरलेलं भाडं पाठवा.

पहिल्या दिवशी पाणी, चिमूटभर मीठ आणि गूळ, सुका चारा, बस. नवीन शेळ्या २१ दिवस जुन्या कळपापासून लांब बांधा. त्यांची भांडी वेगळी ठेवा, आणि जुन्या शेळ्यांचं काम उरकल्यावरच त्यांच्याकडे जा. कुणाला ताप, शिंका, हगवण दिसली तर १९६२ वर फोन करा. आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन 'भारत पशुधन'वर मालक म्हणून स्वतःचं नाव चढवून घ्या, नाहीतर पुढच्या लसीकरणाचा मेसेज फलटणच्या जुन्या मालकालाच जाईल.