‘बरी आहे’ म्हणजे नक्की कशी?

करमाडच्या घरात आई एकटी आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात, हे चित्र आता नवं नाही. रोज फोन होतो, आई ‘बरी आहे’ म्हणते आणि आपण निर्धास्त होतो. पण उतारवयात आजार नेहमीच्या खुणा दाखवेलच असं नाही. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग ताप न येताही होऊ शकतो. एकाएकी असंबद्ध बोलणं, जेवण तुटणं, तोल जाणं हीच त्याची पहिली खूण असू शकते. ‘वय झालं’ म्हणून ती सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

म्हणून फोनवर नेमकं विचारा. आज काय जेवलीस? पाकिटात गोळ्या किती उरल्या? रात्री उठताना धडपडलीस का? व्हिडिओ कॉलवर पायांची सूज बघा.

धावून जायला मात्र जवळचाच माणूस लागतो. शेजारी किंवा भाऊबंदांपैकी एकाला विश्वासात घ्या. घराची किल्ली, औषधांची यादी आणि थोडे पैसे त्यांच्याकडे ठेवा. शहरातलं घाटी रुग्णालय जालना रस्त्याने 20-25 किलोमीटरवर आहे. रात्री गाडी कोण काढणार, हे आधीच ठरवा. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड आजारपणाच्या धावपळीत नको, पुढच्या सुट्टीतच काढून ठेवा.