फाटकाबाहेरून पाहिलेली शाळा

शाळा पाहायची असेल तर सुटायच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन उभं राहावं. पुण्यातल्या खासगी शाळांचे पुढच्या जूनचे प्रवेश दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतात. मुलीसाठी शाळा शोधताना सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या बहुतेक शाळा मी आधी अशाच, बाहेरून पाहिल्या. कुठे मावशी एकेका मुलाचं नाव पुकारतात, न्यायला आलेल्याचं ओळखपत्र बघतात आणि मगच मूल सोडतात. कुठे फाटक उघडतं आणि सगळी पोरं एकदम रस्त्यावर येतात, व्हॅनकाका हॉर्न वाजवत असतात आणि वॉचमन मोबाइलमध्ये असतो. काही मुलं बाहेर पडता पडता बाईंना काहीतरी सांगायला परत पळत जातात. त्या बाई वाकून ऐकतात की मान हलवून पुढे ढकलतात, हे बघायला मिळालं की मी पुढची चौकशी करायची की नाही ते ठरवायचे.

फाटकाबाहेर थांबलेली आजोबा मंडळी फार कामाची. ती खोटं बोलत नाहीत, कारण त्यांनी शाळा निवडलेली नसते. सून-मुलानं निवडलेल्या शाळेबद्दल बोलायला त्यांना कुणीतरी हवंच असतं. ‘तीन बाई बदलल्या हो यंदा,’ असं एक आजोबा म्हणाले, तेव्हा कुठल्याही माहितीपत्रकात नसलेली गोष्ट फुकटात हाती आली. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत फी कितीही असली तरी शिक्षकांच्या हाती त्यातलं किती पडतं, हे बाई वर्षात किती वेळा बदलतात त्यावरून कळतं.

मग रीतसर आत जायचं. आत प्रवेशासाठी नेमलेली कौन्सिलर असते, गोड बोलते आणि फिरवून दाखवते. स्मार्ट बोर्ड, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्सची खोली, भिंतीवर हसरी फुलपाखरं. हे सगळं बघून झालं की मी दोन गोष्टी मागायचे. एक, मुलांचं स्वच्छतागृह दाखवा. दुसरी, तिसरीतल्या कुठल्याही मुलाची वही दाखवा. पहिल्या मागणीला बहुतेक शाळा तयार असतात. कडी मुलांच्या हाताला पोचते का, नळाला पाणी आहे का, दुपारीही फरशी कोरडी आहे का, एवढं बघितलं की पुरे. वहीपाशी मात्र अडतं. एका ठिकाणी आणून दिलेल्या चार वह्यांत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध होता. चौघांचाही आवडता प्राणी कुत्रा, चौघांच्याही कुत्र्याचं नाव मोती, आणि चौघांच्याही निबंधात शेवटचं वाक्य एकच. दुसऱ्या एका शाळेत वहीत खाडाखोड होती, एका मुलीनं ‘मला पाल आवडते’ असं लिहिलं होतं, आणि बाईंनी लाल शाईनं समासात विचारलं होतं, ‘का बरं?’ त्या शाळेचं मैदान टीचभर होतं. तरी ती यादीत वर गेली.

कागदांचीही एक तपासणी असते. ती करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ पासून सुरू होतो. तो विचारला की उत्तर पटकन आलं पाहिजे. मंडळाचंही तसंच. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं फलकावर लिहिलेलं दिसलं की थांबावं. सीबीएसईशी संलग्न असलेली शाळा ‘पॅटर्न’ हा शब्द लावत नाही, संलग्नता क्रमांक लावते. मान्यता नसताना शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढे चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. दर वर्षी शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो. त्या याद्या बहुतेक वेळा प्रवेश होऊन, गणवेश शिवून झाल्यावर पालकांपर्यंत पोचतात.

आमच्या घरात सासूबाईंचं मत मराठी माध्यमाकडे होतं, माझंही अर्धं तिकडेच. स्वतःच्या हिमतीवर वेगळं काही करणाऱ्या मराठी शाळा महाराष्ट्रात आहेतच. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन आहे, फलटणला कमला निंबकर बालभवन आहे. पण तीन वर्षांच्या मुलीला रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं म्हणजे सकाळी सव्वासहाला उठवायचं. नकाशावर शाळा आणि घर यांच्यामधला रस्ता बघितला की तत्त्वज्ञान बरंच आवरतं. शेवटी आमच्या यादीत राहिल्या त्या सगळ्या अशा शाळा, जिथून मूल आजारी पडल्याचा फोन आला तर वीस मिनिटांत पोचता येईल.

आता अर्ज. मुलीचं नाव, जन्मतारीख आणि रक्तगट एवढ्यात तिचा विषय संपतो. पुढची तीन पानं आमची. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, हुद्दा, कंपनीचं नाव, वार्षिक उत्पन्न (चौकोन छापलेले, त्यातला सगळ्यात वरचा चौकोन सगळ्यात मोठा वाटला), घर स्वतःचं की भाड्याचं, घरात बोलली जाणारी भाषा, ‘मुलाच्या वाढीबद्दल आपला दृष्टिकोन’ शंभर शब्दांत. तो दृष्टिकोन सोसायटीतल्या अर्ध्या पालकांनी मोबाइलवरून एकमेकांना पाठवला होता.

मग ‘इंटरॅक्शन’. मुलाखत म्हणत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा तसं केलं तर पंचवीस हजार, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एकाला डावलून दुसऱ्याला निवडण्याची कोणतीही पद्धत म्हणजे चाळणी, फक्त सोडत तेवढी वगळून, अशी कायद्यातली व्याख्या आहे. कायदा मुळात ६ ते १४ वयोगटाचा असल्यानं नर्सरीच्या खुल्या जागांना हे कलम लागू नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं होतं. या फटीतून पुष्कळ काही आत येतं. आमच्या वेळी मुलगी गालिच्यावर ठोकळे रचत बसली होती आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. समोरच्या बाई आम्हाला विचारत होत्या: दोघंही नोकरी करता, मग दुपारी मुलगी कुणाकडे? घरी इंग्रजी किती बोलता? नवरा एरवी घरात एक वाक्य सरळ बोलत नाही, तो तिथे इतकं शुद्ध इंग्रजी बोलला की मुलीनं ठोकळे सोडून त्याच्याकडे बघितलं.

याच काळात आमच्या इमारतीखाली इस्त्री करणाऱ्या दादांच्या मुलाचा अर्ज मी भरत होते. ते मूळचे परभणीकडचे. त्यांना तीच शाळा हवी होती, आमच्या यादीतली, कारण तिथल्या मुलांचे गणवेश ते वर्षानुवर्षं इस्त्री करत आले होते. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा होता. खासगी विनाअनुदानित शाळेच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी असतात. त्या ऑनलाइन अर्ज आणि सोडतीनं भरतात आणि फीची प्रतिपूर्ती सरकारनं शाळेला करायची असते. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे बंधन नाही, त्यामुळे यादीतून काही नामवंत नावं आधीच गळतात.

अर्जात दहा शाळा निवडता येतात. त्याआधी नकाशावर एक लाल फुगा आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. तो फुगा म्हणजे सगळं. घरापासून एक किलोमीटरच्या आतले अर्ज आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतचे. दादांच्या खोलीच्या गल्लीला नकाशावर नाव नव्हतं. ओढ्याच्या वळणावरून आणि शेजारच्या मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरून आम्ही ती खोली शोधली. फुगा चुकीच्या छपरावर बसला तर पुढे पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो, म्हणून दादांच्या बायकोनं, वहिनींनी, स्क्रीनवर बोट ठेवून तीनदा खात्री केली.

मग कागद. मुलाचा जन्मदाखला होता. जातीचा दाखला नव्हता, म्हणून दुर्बल गटातून अर्ज, आणि त्यासाठी एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला. तो मिळाला. अडलं ते राहण्याच्या पुराव्यावर. रेशनकार्ड गावाकडचं. इथे भाड्यानं राहणाऱ्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. ‘ताई, मालक नको म्हणतो. म्हणतो, खोली सोड, पण सही मागू नको.’ दादांचं म्हणणं एवढंच. मालकाला करार नोंदवायचा नव्हता, कारण तशाच आणखी अकरा खोल्या होत्या आणि एकीचा करार झाला की बाकीच्यांचाही विषय निघाला असता. सहा वर्षांच्या मुलाचा प्रवेश एका घरमालकाच्या कराच्या भीतीशी बांधलेला होता.

वरच्या मजल्यावर आमचा हुद्दा आणि इंग्रजी तपासलं जात होतं, खाली दादांचा करारनामा. मला तरी दोन्हींत फार फरक दिसला नाही. मूल काय आहे, त्याला काय येतं, काय आवडतं, याची चौकशी कुठल्याच रांगेत नव्हती. सोडतीच्या रांगेत ती नसावी हेच बरोबर आहे, तोच तिचा हेतू. पण सोडतीच्या मडक्यात नाव पडण्याआधीच जी गाळणी लागते, ती गरिबातल्या गरिबाला आधी बाहेर ठेवते.

ही २५ टक्क्यांची वाट सरकारनं एकदा जवळजवळ बंदच केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही असं घर सापडणं कठीण. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. वहिनींच्या बहिणीचा मुलगा त्या वर्षीचा. त्यांनी जूनमध्ये वाट बघणं सोडलं आणि कर्ज काढून दुसरीकडे पैसे भरले.

दादांच्या बाबतीत मालकाची बायको मध्ये पडली. तिच्या साड्या दादांकडेच यायच्या. करार नोंदवला गेला, भाडं मात्र पाचशेनं वाढलं. सोडतीत मुलाला हवी ती शाळा लागली नाही, प्रतीक्षा यादीत नाव आलं. संदेशावर विसंबू नका, पोर्टल स्वतः बघा, अशी सूचना विभागच देतो, म्हणून रोज रात्री दुकान बंद केल्यावर वहिनी अर्ज क्रमांक टाकून बघायच्या. दुसऱ्या फेरीत यादीतली चौथी शाळा मिळाली. ती पुलापलीकडे आहे, व्हॅनचा खर्च त्यांचा त्यांनाच. पडताळणी समितीपुढे मूळ कागद घेऊन जाताना दादांनी सगळे दाखले इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यात ठेवले होते.

आम्हाला पालीच्या निबंधाच्या शाळेत प्रवेश मिळाला. फीचा कागद हातात आला तेव्हा मी विचारलं, ही फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं मंजूर केली आहे का आणि कोणत्या दोन वर्षांसाठी? महाराष्ट्रातल्या २०११ च्या फी विनियमन कायद्यानं हे विचारायचा हक्क दिलेला आहे. व्यवस्थापनानं प्रस्ताव ठेवायचा, समितीनं तपासायचा, ठरलेली फी सूचनाफलकावर लावायची आणि ती दोन शैक्षणिक वर्षं तशीच ठेवायची. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे, मग माझ्यामागच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मॅडम, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’ फलकावर जिन्याखालच्या अंधारात कागद होता. त्यावर शिक्का होता, वर्षं नव्हती.

त्या समितीतले पालकही सोडतीनंच निवडतात, प्रत्येक इयत्तेतून एक. जूनमधल्या पहिल्या सभेत मी चिठ्ठी टाकली, पण आमच्या वर्गातून निघाली ती दुसऱ्याच एका गृहस्थांची. ते टायरचे व्यापारी, हिशेबाला पक्के. सभा संपल्यावर मी त्यांना गाठून मागच्या प्रस्तावाचे कागद मागितले. त्यांनी वहीत माझा नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, ‘मी पण मागितलेत. पुढच्या बैठकीत देतो म्हणालेत. बैठक कधी ते मात्र विचारायचं राहिलं.’ मग आम्ही दोघं ते विचारायला परत ऑफिसकडे गेलो.