जुनें नकाशांचें सॉफ्टवेअर बंद पडल्यावर



जळगांव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत शेडचे आराखडे, पाइपांचे जोड, यंत्रमागाचे सुटे भाग यांचे नकाशे काढून पोट भरणारे अनेक आरेखक आहेत. अशाच एका माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा धुळ्याहून फोन आला. "गुरुजी, संगणक बिघडला. नव्यावर जुनें सॉफ्टवेअर चढत नाहीं. कंपनी म्हणते, ती आवृत्ति आतां आम्हीं सांभाळीत नाहीं. बारा वर्षांचे नकाशे अडकले हो!"

माझा विषय भूमिति. संगणक मी उतारवयांत शिकलों. तरी चार जाणत्यांस विचारून जें कळलें तें सांगतों.

कंपनीनें आवृत्ति सोडली म्हणजे हत्यार मोडलें असें नव्हे. जुन्या संगणकावर तें चालत राहतें. मात्र दुरुस्त्या येत नाहींत, आणि यंत्र बदलल्यास परवाना पुन्हां चालू होईलच याची खात्री नसते. १९८२ सालीं निघालेल्या ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने विकणें २०१६ सालीं थांबलें. आतां तें मुदतीच्या वर्गणीनें घ्यावें लागतें. फुकटाचीहि शाश्वती नाहीं. ड्राफ्टसाइटची विनामूल्य आवृत्ति २०१९ अखेर बंद झाली.

त्यास कोणी कुलूप फोडलेली प्रत देऊं केली होती. "सगळेच वापरतात," तो म्हणाला. परीक्षेंत नक्कल करणारी मुलेंहि हेंच म्हणत! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणें अशी प्रत जाणूनबुजून वापरणारास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठीं वापरणारास कैदेंतून सूट मिळण्याची वाटहि नाहीं.

मीं विचारलें, "तुझ्या कामांत घनाकृति किती?" "जवळजवळ नाहींतच." मग सपाट नकाशांपुरतें लिब्रेकॅड त्यास पुरेसें होतें. तें विनामूल्य आहे. मात्र डी.डब्ल्यू.जी. फाइल वाचतांना तें कधीं अडखळतें, आणि जतन करतें तें डी.एक्स.एफ. प्रकारांत. घनाकृति हव्या असल्यास फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें आली. तें शिकण्यास चिकाटी लागते. विकतचें घेणारानें पुढील आवृत्तीचे पैसे वेगळे पडतील काय, हें लेखी विचारून घ्यावें.

शेजारच्या कारखान्यांत तीच जुनी आवृत्ति रीतसर परवान्यानें चालू होती. तेथें बसून त्यानें सर्व नकाशे डी.एक्स.एफ.मध्यें उतरविले. मीं त्यास प्रथम तीनच नकाशे उघडून मोजावयास लाविले. बरें झालें! एक फ्लँज पडद्यावर हुबेहूब दिसे. पण मोजतां २५.४ पट निघाली, कारण मिलिमीटर इंच समजले गेले होते. दुसऱ्यांत जुन्या फाँटांतील मराठी नांवांच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा कालवा झाला होता. तिसरा मात्र निर्दोष उतरला.

नगरपालिकेस किंवा गिऱ्हाइकास नकाशा द्यावयाचा असल्यास तेथें कोणती फाइल चालते तेंहि आधींच विचारावें. त्याच्या एका गिऱ्हाइकास डी.डब्ल्यू.जी.च लागते, तें काम त्यानें तूर्त शेजाऱ्याकडे सोंपविलें आहे.

अद्याप निम्मे नकाशे तपासावयाचे आहेत. रोज रात्रीं जेवणानंतर तो दहा नकाशे मोजतो.