रोजच्या जेवणाचीं साधनें : घरची वही व खाणावळीचा हिशेब

मेजवानीच्या दिवशीं आपल्या पूर्वजांच्या पानांत काय काय वाढलें जात असे, हें सांगणारीं साधनें पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु त्याच घरांत एखाद्या साध्या बुधवारीं दुपारीं काय शिजलें होतें, असा प्रश्न कोणीं केला, तर त्यास उत्तर देणारा कागद बहुधा सांपडत नाहीं. सणाचें अन्न लिहिलें जातें, रोजचें अन्न खाल्लें जातें. आणि इतिहासाचा व्यवहार लिहिलेल्यावर चालत असल्यामुळें रोजचें अन्न त्याच्या हातून निसटतें. ही उणीव कांहीं अंशीं भरून काढणारीं दोन प्रकारचीं साधनें अजून आपल्या घरांतून व गांवांतून शिल्लक आहेत : एक, गृहिणींनीं लिहिलेल्या पाककृतींच्या वह्या, दुसरें, खाणावळींचे हिशेब व उपाहारगृहांचीं दरपत्रकें. हीं साधनें कशीं वाचावीं, त्यांचा काळ कसा ठरवावा व तीं जपतांना काय सांभाळावें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम जुन्या ग्रंथांचा विचार करूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८) याचा ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ वाचकांस विदित आहेच. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना असून तिसऱ्या विंशतींत राजाच्या उपभोगांचें वर्णन आहे; त्यांपैकीं अन्नभोग हा एक. मंडक, पोलिका, वटक, इड्डरिका हीं नांवें तेथें येतात, व वाचतां वाचतां आपले मांडे, पोळी, वडे व इडली ओळखूं येतात. इड्डरिका मात्र केवळ उडदाच्या पिठाची आहे. तींत तांदूळ नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत हा ग्रंथ तीन भागांत (१९२५, १९३९ व १९६१) छापला गेल्यापासून अन्नविषयक लेखनांत त्याचा उल्लेख वारंवार येतो, व तें योग्यच आहे. तथापि हा राजाचा ग्रंथ आहे. राजानें काय खावें हें तो सांगतो. त्याच राजवाड्यांत पाणी भरणारा मनुष्य संध्याकाळीं घरीं जाऊन काय खात असे, हा त्याचा विषयच नव्हे.

सतराव्या शतकांतील रघुनाथ गणेश नवहस्त यांचें ‘भोजनकुतूहल’ या दृष्टीनें अधिक व्यापक आहे. धान्यें, भाज्या, दूधदुभतें, पक्वान्नें यांचे गुणदोष त्यांत सांगितले आहेत. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं या ग्रंथाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, व जिलबीचा इतिहास शोधतांना त्याचा आधार घेतला. परंतु हा संग्रहग्रंथ होय. पूर्वीच्या ग्रंथांतील वचनें एकत्र करून तो सिद्ध झाला असल्यामुळें, त्यांत उल्लेखिलेला प्रत्येक पदार्थ ग्रंथकर्त्याच्या काळीं घरोघर होत असे, असें धरतां येत नाहीं.

याच्या उलट प्रकार ‘लीळाचरित्रा’चा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या, त्यांत जेवणाचें वर्णन करावें हा हेतु मुळींच नव्हता. परंतु स्वामी कोणत्या गांवीं उतरले, कोणीं त्यांस काय दिलें, हें सांगतां सांगतां भिक्षेचे, वाढण्याचे व जेवणाचे उल्लेख सहज येऊन जातात. अन्नाच्या बाबतींत स्थूल नियम करावयाचा झाल्यास तो असा कीं, जें हेतुपूर्वक वर्णिलें आहे तें बहुधा विशेष प्रसंगाचें असतें, व जें जातां जातां आलें आहे तें बहुधा रोजचें असतें.

जिन्नसांवरूनही काळाचा अदमास करतां येतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, काजू व पेरू हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील. १४९८ मध्यें पोर्तुगीजांचीं गलबतें आपल्या किनाऱ्यास लागल्यानंतरच तीं इकडे आलीं. ‘बटाटा’ व ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. मिरचीस मात्र आपण मिऱ्याचें जुनें संस्कृत नांव ‘मरिच’ हेंच थोडें वळवून दिलें. सोमेश्वराच्या पाकशाळेंत मिरची नव्हती. म्हणून प्राचीन म्हणविणाऱ्या एखाद्या पोथींत लाल मिरची आढळल्यास तो भाग मागाहून घातलेला, किंवा ती पोथीच मागाहूनची, असें समजावें. ज्या साबुदाण्याच्या खिचडीस आपण उपवासाला शुद्ध मानतों, तिच्यांतला साबुदाण्याचा कंद, दाणे, मिरची व बटाटा हीं चारही सातासमुद्रांपलीकडचीं आहेत, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मुद्रणाचा काळ आल्यावर साधनें वाढलीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चें. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरें’त वाटी व चमचा हीं घरगुती मापें आलीं, त्यामुळें तराजू न वापरणाऱ्या गृहिणीसही तें पुस्तक आपलें वाटलें. हीं पुस्तकें ग्रंथालयांतून मिळतात. त्यांची काळजी करण्याचें कारण नाहीं. काळजी आहे ती हातानें लिहिलेल्या वह्यांची.

आमच्या संग्रहीं आमच्या मातुःश्रींची एक वही आहे. तींत नानकटाई आहे, अननसाचा शिरा आहे, बिनअंड्याचा केक आहे, शेजारणींकडून उतरून घेतलेलीं चार-पांच लोणचीं आहेत. आमटी नाहीं. वरण, भाकरी, पिठलें, मेथीची भाजी, ताकाची कढी, यांपैकीं एकही नाहीं. ज्या अन्नावर आमचें घर वर्षानुवर्षें जेवलें, त्यास त्या वहींत जागा मिळाली नाहीं. कारण जें हाताच्या सवयीनें होतें तें लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटणार? या वहीवरून आमच्या घरीं नित्य केक होत असे असें अनुमान काढणारा भावी संशोधक किती फसेल! परंतु तीच वही उलटी करून मागच्या बाजूनें उघडली, म्हणजे वाण्याच्या याद्या लागतात : तूरडाळ, गूळ, चिंच, गोडें तेल, धने, सुकें खोबरें, रॉकेल. आमटी आहे ती तेथें. म्हणून अशी वही हातीं आल्यास पाककृतींचीं पानें उतरून घेऊन मागचीं पानें ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊं नयेत. रोजच्या स्वयंपाकाचा खरा लेख तोच.

वहीवर सन नसला तरी शब्द साक्ष देतात. ‘डालडा’ आला तर तें पान १९३७ च्या पूर्वींचें नव्हे. प्रेशर कुकर आपल्या देशांत १९५९ च्या सुमारास तयार होऊं लागले; तेव्हां ‘तीन शिट्ट्या’ असें लिहिलेली कृति बहुधा त्यानंतरची. किंमती आण्यांत असतील तर पान १ एप्रिल १९५७ च्या पूर्वींचें असण्याचा संभव अधिक, जरी जुन्या मंडळींच्या तोंडीं व लेखणींत आणे पुढेंही बरेच दिवस राहिले. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानचें. ‘मिलो’ची भाकरी मऊ कशी करावी, असें टिपण सांपडलें, तर १९७२ च्या दुष्काळाची व शिधावाटपाच्या दुकानांतील त्या तांबड्या ज्वारीची आठवण तेथें आहे असें समजावें.

मापांविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हें कोष्टक पाठ असलेले लोक अजून भेटतात. परंतु हा मापी शेर होय. वजनी शेर निराळा; त्यांतला ८० तोळ्यांचा शेर आजच्या सुमारें ९३३ ग्रॅमइतका भरतो. शिवाय दोन्ही शेर गांवोगांव बदलत. दशमान वजनें १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें रूढ झालीं, त्या संधिकाळांतील वह्यांत एकाच पानावर शेर व किलो शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतात.

आतां खाणावळीकडे वळूं. घरचें अन्न घरांत राहतें तोंवर त्याचा हिशेब कोणी लिहीत नाहीं. तें विकावयास निघालें कीं लिहावाच लागतो. पूर्वीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. त्यांत पैशाचा संबंध नसल्यामुळें त्याची नोंद राहिली ती केवळ आत्मचरित्रांत. खाणावळ आली व तिच्याबरोबर वही आली. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व देशावरून आलेल्या एकट्या कामगारांस बायका आपल्या खोलीवर रांधून जेवूं घालीत व महिन्यास पैसे घेत. या खाणावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपानें बांधली. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गांवीं परतले, व अनेक खाणावळींच्या चुली विझल्या. त्या चुलींबरोबर किती वह्या गेल्या असतील याची कल्पनाच करावी.

अशा वहींतला सर्वांत बोलका शब्द ‘खाडा’ हा होय. जेवणारा ज्या दिवशीं आला नाहीं त्या दिवसाचे पैसे वजा करण्यासाठीं खाडा मांडीत. खाड्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे कोण गणपतीस गेला, कोण शिमग्यास गेला, कोण पेरणीसाठीं महिनाभर गांवीं राहिला, हें कळतें. जेवणाचा हिशेब म्हणून लिहिलेली वही अशी स्थलांतराचा इतिहास होऊन बसते.

मोठ्या उपाहारगृहांचीं दरपत्रकेंही याच वर्गांतलीं. दादरचें काणे यांचें उपाहारगृह १९१० मधलें; पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील सरपोतदारांचें पूना गेस्ट हाउस १९३५ मधलें. अशा ठिकाणचें जुनें दरपत्रक मिळाल्यास त्यावरील शिसपेन्सिलीच्या दुरुस्त्या पुसूं नयेत. पोथीच्या समासांतील शोधांस जें मोल, तेंच या दुरुस्त्यांस. खोडलेला भाव व त्याशेजारीं लिहिलेला भाव मिळून महागाईचे थर दाखवितात. आणखी एक मौज अशी कीं, उपाहारगृहाच्या पाटीवर ‘घरगुती जेवण’ असें लिहिलेलें असतें, आणि घरच्या वहींत ‘हॉटेलसारखी भाजी’ असा मथळा असतो. दोघांसही एकमेकांची चव हवी असते, व दोघांची देवघेव कागदावर दिसते ती या दोन साधनांतच.

माणसाच्या स्मृतीचा स्वभावही हस्तलिखितांसारखाच आहे. विद्यार्थिदशेंत आम्ही पुण्याच्या एका खाणावळींत तीन वर्षें जेवलों. तेथें रविवारीं ‘फीस्ट’ असे. त्या दिवशींचें श्रीखंड, तें वाढणारा हात व पंगतींतली चढाओढ आम्हांस आज सांगतां येते. सोमवार ते शनिवार जी आमटी आम्ही शेंकडों वेळां जेवलों, तिच्यांत चिंच होती कीं आमसूल, हें आतां आठवत नाहीं. तिनें पोट भरलें, अभ्यास झाला, आणि ती विसरली गेली. म्हणून वृद्ध मंडळींस विचारतांना ‘तुमच्या लग्नांत काय केलें होतें?’ असें विचारण्यापेक्षां ‘रात्रीं दिवा लागल्यावर चुलीवर काय असे? उरलेल्या भाकरीचें सकाळीं काय होई? पाहुणा अवचित आला तर काय वाढीत?’ असें विचारावें. उत्तर प्रथम ‘कांहीं नाहीं, आपलें नेहमींचेंच’ असें येईल. त्या ‘नेहमींच्या’पाशींच थांबून पुढें विचारावें, शोध तेथें सुरू होतो.

शेवटीं संग्राहकांस कांहीं सूचना. वही तेलकट व डागाळलेली असते, तिला स्वच्छ करण्याच्या भरीस पडूं नये. ज्या पानावर डाग अधिक, तें पान अधिक वापरांतलें, एवढी गोष्ट तरी ते डाग सांगतात. सुटीं चिटोरीं, पाकिटांच्या पाठी व वर्तमानपत्रांचीं कात्रणें ज्या पानांत सांपडतील त्याच पानांत ठेवावीं. वही कोणाची, माहेर कोठलें, सासर कोठलें, हें घरच्यांकडून लगेच लिहून घ्यावें. कारण एकाच वहींत दोन प्रांतांचे मसाले येतात तें बहुधा यामुळेंच. आणि शक्य असेल तर वहीबरोबर त्या घरची वाटीही मागून घ्यावी, निदान तींत पाणी किती मावतें तें मोजून वहीवर नोंदवावें. ‘एक वाटी डाळ’ या शब्दांस त्या वाटीवांचून अर्थ नाहीं.

बखरी व फर्मानें यांचें मोल आतां सर्वांस कळूं लागलें आहे. या वह्या मात्र घर बदलतांना, वांटणी होतांना, किंवा लिहिणारी गेल्यावर वर्षाच्या आंत, रद्दीच्या तराजूंत जातात. आणि ‘अंदाजानें मीठ’ म्हणजे किती, हें ज्यांस हातानें दाखवितां येतें अशा स्त्रिया आज ऐंशींच्या घरांत आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशी एखादी वही, खाणावळीचा हिशेब किंवा दरपत्रक असेल, त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशींच ठेवावा. परंतु त्याचें नांव, ठिकाण, अजमासें काळ व पृष्ठसंख्या एवढी माहिती तरी या त्रैमासिकाकडे धाडावी, अशी आमची विनंती आहे. अशा शंभर नोंदी एकत्र झाल्या, तरी त्या साध्या बुधवारच्या दुपारीं पानांत काय होतें, या प्रश्नास उत्तर देण्यास आरंभ करतां येईल.