काळजाच्या वाटा

माघी पौर्णिमेला कचारगडला जायचा माझा जुना परिपाठ आहे. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावातून जंगलाची वाट धरायची, गोंड बांधवांच्या यात्रेत मिसळायचं आणि चढ चढून गुहेपाशी पोचायचं. या गुहेत कोंडलेल्या मुलांची लिंगो आणि जंगो यांनी सुटका केली, ही कथा तिथे दरवर्षी नव्यानं कानी पडते.

दोन वर्षांपूर्वी त्याच चढावर माझी छाती दाटून आली. कुणी वरून तळहात दाबून धरावा, तसं. सोबतचे गुरुजी म्हणाले, "शेखभाई, बसा जरा. चेहरा उतरला तुमचा."

"सकाळची भजी बाधली असतील."

"भज्यांना चढावरच बरी आठवण झाली!"

बसलो, तरी दाब बराच वेळ रेंगाळला. दवाखान्यात मात्र मी दुसऱ्या दिवशी गेलो. ही माझी मोठी चूक. छातीत असं दाटलं, घाम सुटला, दम लागला, तर भज्यांना बोल न लावता तडक रुग्णालय गाठावं, १०८ ला फोन करावा. तिथे आधी ईसीजी आणि रक्ताची तपासणी होते. सीटी स्कॅनची वाट पाहायची ती वेळ नव्हे.

माझा ईसीजी आणि रक्त, दोन्ही साफ निघाले. तरी डॉक्टरांनी नागपूरला जाऊन सीटी कोरोनरी अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितलं. शांत पडून काढलेला ईसीजी साफ असला, तरी धमन्यांत चरबी साचलेली असू शकते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही कवींनी काळजावर वह्या भरल्या. पण त्याला रक्त नेणाऱ्या वाटा जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात, हे कुणी लिहिलं?

या तपासणीचे दोन भाग असतात. पहिला कॅल्शियम स्कोअर. त्यात इंजेक्शन नसतं, काही मिनिटांत काम होतं. धमनीच्या भिंतीत जुन्या साचलेल्या थरावर चुना चढतो, तो यात मोजतात. आकडा शून्य आला तर धोका कमी. चारशेच्या वर गेला तर रोग बराच पसरलेला. पण ताज्या, मऊ थरात चुना नसतो. म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसानं, विशेषतः तरुणानं, नुसत्या शून्यावर निर्धास्त होऊ नये.

दुसरा भाग अँजिओग्राफीचा. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात आणि धमन्या उजळतात. अडचण एकच: हृदय क्षणभरही थांबत नाही. म्हणून गोळी देऊन ठोके साठच्या आसपास आणतात, श्वास रोखायला लावतात आणि ईसीजीच्या तालावर, दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणी, चित्रं टिपतात. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अशा द्रवाची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगावं. किरणांचा थोडा मारा सोसावा लागतो. म्हणून हौसेनं, दरवर्षी करायची ही तपासणी नव्हे. चुना फार असेल तर त्याच्या चकाकीनं चित्रही बिघडतं.

माझ्या एका धमनीत थर निघाला, पण वाट निम्म्याहूनही कमी अरुंद झालेली. एवढ्यानं सहसा छाती दाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दुखण्याचं कारण त्यांनी वेगळं शोधलं. मी सुटकेचा श्वास टाकला, तशी त्यांनी मला अडवलं. "अडथळा नाही म्हणजे रोग नाही, असं नव्हे. रोग भिंतीत आहे. तो दिसला, हेच तुमचं नशीब."

या बोलण्याला पुरावा आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या चार हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांबरोबर हा स्कॅनही केला. २०१८ साली पाच वर्षांचे निष्कर्ष आले. हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचं प्रमाण स्कॅन झालेल्यांत २.३ टक्के, इतरांत ३.९ टक्के होतं. यंत्र काही रोग बरा करत नाही. थर दिसला म्हणून योग्य माणसाला वेळेवर औषध सुरू झालं, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

मलाही स्टेंट लागला नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, सकाळचं चालणं सुरू झालं आणि तीस वर्षांचा खर्रा सुटला. खर्रा सोडणं सगळ्यात अवघड गेलं.

यंदा डॉक्टरांना विचारून पुन्हा कचारगड चढलो, सावकाश, थांबत थांबत. गुहेपाशी गुरुजींनी सवयीनं पुडी पुढे केली, मग माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याही खिशात न ठेवता फेकून दिली.